मेंबर कायले पायजे?

गेल्या उन्हाळ्यात दारव्ह्याच्या बसस्थानकावर एसटीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर दोन माणसं हमरीतुमरीवर आली होती. एक म्हणत होता, "सायबाच्या सहीनं कामं होऊन राह्यले ना, मग मेंबर कायले पायजे?" दुसऱ्याचं उत्तर तयार होतं, "मेंबर नाही म्हणून तं आमच्या गावात दोन वर्षं नाली झाली नाही." हाच वाद नंतर तहसीलसमोरच्या चहाटपरीवर ऐकला, एका लग्नाच्या पंगतीत ऐकला आणि जिल्ह्याच्या दैनिकांतही वाचला. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या निवडणुका अडल्या आणि निवडून आलेल्या सदस्यांच्या जागी प्रशासक म्हणून अधिकारी बसले, त्यावरचा हा वाद. एक बाजू प्रशासकाची, दुसरी बाजू सदस्याची. पण दोघांच्या हातातली मोजपट्टी एकच आहे. नाली किती, रस्ता किती, सभामंडप किती. ज्याच्या काळात जास्त झालं तो चांगला.

या मोजपट्टीशीच माझं भांडण आहे. जिल्हा परिषदेचा किंवा पंचायत समितीचा सदस्य नालीसाठी लागत नाही. नाली ग्रामपंचायत बांधू शकते, उपअभियंता बांधू शकतो. सदस्य लागतो तो सरकारी खात्याला चारचौघांत, तोंडावर, इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीनं प्रश्न विचारायला. पोषण आहार, दवाखाना, पिण्याचं पाणी, निराधारांचं अनुदान, आश्रमशाळा या सोयी कागदावर चालू असतात आणि गावात पुष्कळदा बंद असतात. कागद आणि गाव यांच्यातलं अंतर खातेप्रमुखाला सगळ्यांसमोर मान्य करावं लागेल अशी जागा ग्रामीण भागात जवळपास एकच आहे, आणि ती म्हणजे सभागृह. त्याला कुलूप लागलं तेव्हा आपलं काय गेलं, हे नाल्या मोजून कळणार नाही.

काय घडलं ते आधी नीट मांडू. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. आपल्या विदर्भात त्यात अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली होत्या. नागपूर, अकोला, वाशीम इथल्या निवडणुका जानेवारी २०२० मध्ये झाल्या होत्या, त्यांची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. निवडणुका अडल्या त्या ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नावर. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मार्च २०२१ च्या निकालानं तिहेरी चाचणी, म्हणजे आरक्षणाआधी पुऱ्या करायच्या तीन अटी, घातली, मग आयोग, अहवाल, प्रभागरचना, तारखा. आरक्षणाचा प्रश्न खोटा नव्हता, तो सोडवायलाच हवा होता. पण राज्यघटनेचं २४३-ई कलम सांगतं की पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी. मे २०२५ मध्ये न्यायालयानं चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून बजावलं, त्यानंतरही मुदती वाढतच गेल्या. दरम्यान सभागृह नाही म्हणून वित्त आयोगाचा जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या वाट्याचा निधी अडला. या निधीवर बातम्या आल्या, निवेदनं गेली. दुसरी एक गोष्ट मात्र जवळपास चर्चेविना निघून गेली.

जिल्हा परिषदेवर प्रशासक म्हणून नेमले गेले ते तिथलेच मुख्य कार्यकारी अधिकारी. पंचायत समितीवर नेमले गेले ते तिथलेच गटविकास अधिकारी. म्हणजे ज्यानं उत्तर द्यायचं तोच विचारणाराही झाला. सर्वसाधारण सभेचे अधिकार त्याचे, स्थायी समितीचे त्याचे, समाजकल्याण समितीचे त्याचे, महिला व बालकल्याण समितीचेही त्याचेच. ठराव सुचवायचा त्यानं, मंजूर करायचा त्यानं आणि त्याचं अनुपालन झालं की नाही हेही त्यानंच तपासायचं. एखादा अधिकारी कितीही सचोटीचा असला, सकाळी सहाला गावात पोचणारा असला, तरी तो स्वतःची उलटतपासणी घेऊ शकतो का? शाळेत मुख्याध्यापक चांगले आहेत म्हणून आपण त्यांनाच प्रश्नपत्रिका काढायला, सोडवायला आणि तपासायला लावतो का?

सभेत विचारलेल्या प्रश्नाची ताकद काय असते, हे मी एकदा जवळून पाहिलं आहे. काही वर्षं मी एका जिल्हा दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवायचो आणि पंचायत समितीच्या मासिक सभेला मागच्या खुर्चीवर जाऊन बसायचो. तिथं एक बाई सदस्य होत्या. शिक्षण सातवीपर्यंत. त्यांच्या गणात, म्हणजे मतदारसंघात, कोलाम आदिवासींचे तीन पोड, म्हणजे पाडे, येत. एका सभेत त्या उठल्या आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "साहेब, आमच्या पोडावरच्या अंगणवाडीतला वजनकाटा दिवाळीपासून बंद आहे. मग दर महिन्याला पोरांचे वजनं रजिस्टरमध्ये कुठून येतात?" सभागृह गप्प झालं. उत्तर आलं, "माहिती घेऊन कळवतो, ताई." पुढच्या महिन्यात त्यांनी तोच प्रश्न विचारला. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्या सभेत त्यांनी मागच्या दोन्ही सभांचं इतिवृत्त वाचून दाखवायला लावलं. चौथ्या सभेच्या आधी काटा आला. नव्या काट्यावर मुलांना पुन्हा तोललं तेव्हा रजिस्टरमध्ये 'साधारण' असलेली चार मुलं मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांत निघाली आणि एक मुलगी सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषितांत. तिला बाल उपचार केंद्रात हलवलं.

या सगळ्यात एका काट्यापलीकडे काही खर्च झाला नाही. भूमिपूजन झालं नाही, फलक लागला नाही. बसस्थानकावरच्या मोजपट्टीनं पाहिलं तर त्या बाईंनी चार महिन्यांत काहीच 'काम' आणलं नाही. पण त्या पोडावरची पाच मुलं सरकारच्या नजरेला पडली ती केवळ एका माणसाला विचारण्याचा कायदेशीर हक्क होता म्हणून. पर्यवेक्षिकेला हे माहीत नव्हतं का? असणार. अंगणवाडीताईंना तर नक्कीच माहीत होतं. बंद काट्याबद्दल वर लिहिलं तर आपल्यावरच येतं, ही भीती त्यांना होती. ज्याची नोकरी खात्यात आहे तो खात्याला हा प्रश्न विचारू शकत नाही. त्याला बाहेरचा माणूस लागतो, आणि त्या बाहेरच्या माणसाला आत बसायला खुर्ची लागते.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. ते कमकुवत नाही, आणि ते मांडणाऱ्यांचा राग मला समजतो. सदस्यांनी ही खुर्ची स्वतःच्या हातानं हलकी केली. कामाच्या टक्केवारीची भाषा मी सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात ऐकली आहे. सदस्याचा भाऊ किंवा साळा ठेकेदार आणि सदस्य बांधकाम समितीत, हे चित्र कोणत्या तालुक्यात नाही? २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या झाल्या. त्यांतल्या कित्येक जागांवर निवडून आली बायको आणि फोन उचलतो नवरा. तासनतास चाललेली सभा मी पाहिली आहे, जिच्यात आरोग्याचा विषय दहा मिनिटांत संपला आणि हायमास्ट दिव्यांचं वाटप दोन तास चाललं. शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन झाल्या तेव्हा गावोगावच्या गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला, कारण बदलीसाठी मेंबरच्या दारात उभं राहणं संपलं. हे सगळं खरं आहे. प्रशासकाच्या काळात काही ठिकाणी घरकुलांचे हप्ते वेळेवर पडले, कार्यालयांत लोक वेळेवर बसू लागले, हेही मी नाकारणार नाही.

पण या तक्रारींकडे जरा थांबून पाहा. टक्केवारी, ठेकेदारी, बदल्या, दिव्यांचं वाटप. त्यातली एकही तक्रार सदस्य प्रश्न फार विचारतात अशी नाही. सगळ्या तक्रारी सदस्य पैशाच्या आणि नेमणुकीच्या वाटपात घुसतात अशा आहेत. रोग वाटपाचा आहे, आणि औषध म्हणून आपण विचारणं बंद केलं. बदल्या ऑनलाइन करून सरकारनं योग्य जागी कात्री लावली होती. सदस्याच्या हातून वाटप काढून घेतलं, सभागृह तसंच ठेवलं. त्याच वाटेनं पुढं जाता आलं असतं. टक्केवारीही सदस्याबरोबर गेली असं कुणी म्हणत असेल तर त्यानं एखाद्या लहान ठेकेदाराला विश्वासात घेऊन विचारावं. आधी निदान ओरडणारा विरोधी सदस्य तरी होता. सभागृहात दोन बाजू असतात तेव्हा एकाचा स्वार्थ दुसऱ्याच्या स्वार्थाचं भांडं फोडतो. हे फार उदात्त नाही. पण पोडावरच्या मुलीला त्याचा उपयोग होतो.

दुसरं म्हणणं नव्या जमान्याचं आहे. पैसे थेट खात्यात येतात, तक्रार पोर्टलवर करता येते, २०१५ चा सेवा हक्क कायदा आहे, २००५ चा माहिती अधिकार आहे, मग मधला माणूस हवा कशाला? मी स्वतः माहिती अधिकाराचे अर्ज केले आहेत आणि त्या कायद्याची मोठी किंमत मला वाटते. पण निराधार योजनेचंच पाहा. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांखेरीज इतरांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात, आणि त्यांच्या कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. ही रक्कम आता थेट बँक खात्यात जाते, हे चांगलंच झालं. माझ्या गावातल्या एका म्हातारीचं अनुदान एका महिन्यात अचानक थांबलं. बँक म्हणाली तहसीलला जा, तहसील म्हणालं आधार जोडलं का बँकेत विचारा, सेतू केंद्रात बोटाचे ठसे उमटेनात. आयुष्यभर कापूस वेचलेल्या बोटांवर ठसे राहत नाहीत. ती पोर्टलवर काय लिहिणार? तिच्या वतीनं तिच्या नातवानं लिहिलं. अर्ज क्रमांक मिळाला, संदेश आला, काही दिवसांनी 'निकाली' असा शेरा पडला. अनुदान सुरू झालं नव्हतं.

पोर्टल प्रत्येकाला एकटं करतं. तिथं त्या म्हातारीची तक्रार एक क्रमांक आहे, शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्याची दुसरा क्रमांक. दोघांना एकमेकांची खबर नाही. सभेत तोच विषय वेगळा येतो: 'या तालुक्यात गेल्या सहा महिन्यांत किती निराधारांचं अनुदान थांबलं, त्यांतलं ठशांमुळे किती, आणि त्यांच्यासाठी पर्यायी व्यवस्था काय केली?' या एका वाक्यात अधिकाऱ्याला यादी काढावी लागते. यादी निघाली की कारण दिसतं, कारण दिसलं की उपाय टाळता येत नाही. तक्रार माणसाची असते, प्रश्न तालुक्याचा असतो. एकाचं दुसऱ्यात रूपांतर करणं हे सदस्याचं खरं काम आहे, आणि ते कोणत्याही यंत्रावर सोपवता आलेलं नाही.

आणि इथं एक अडचण आहे जी सदस्यांच्या बाजूनं बोलणारेही मांडत नाहीत. वरचा प्रश्न पंचायत समितीच्या सभेत विचारायला गेलं तर उत्तर देणारा तिथं बसलेलाच नसतो. निराधार योजना तहसीलदाराकडे, तहसीलदार महसूल खात्याचा. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, पण ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली. साप चावलेलं पोर आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात पाठवलं आणि वाटेत गेलं, तर कोणत्या सभेत कोण उत्तर देणार? गावातली एक नळयोजना जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाची, शेजारची प्रादेशिक योजना जीवन प्राधिकरणाची. आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याच्या प्रकल्प कार्यालयाची. पांढरकवडा, धारणी, अहेरी, देवरी इथं ती कार्यालयं आहेत. रेशन पुरवठा विभागाचं, डीपी महावितरणची, शाळकरी मुलींची बस एसटीची. गावाला हे सगळं मिळून एकच सरकार असतं. सभागृहात मात्र त्याचे डझनभर तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा म्हणतो, हा विषय आमच्याकडे येत नाही.

अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात याचा अर्थ काय होतो ते पूर्णेकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथं विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही, म्हणून ८४ खेडी योजनेसारख्या प्रादेशिक योजना उभ्या राहिल्या. जलजीवन मिशननं २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं उद्दिष्ट ठेवलं. नळ आला की घराची नोंद 'जोडलेलं घर' अशी होते. त्या नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते क्षारमुक्त आहे का, हा रकाना वेगळा. योजना एकाची, वीजबिल दुसऱ्याचं, पाणीपट्टी तिसऱ्याची, पाण्याची तपासणी चौथ्याची, आणि किडनीचा रोगी जातो आरोग्य खात्याकडे. या पाचांना एका टेबलाशी बसवून एकाच दिवशी विचारल्याशिवाय खरं उत्तर निघत नाही. हे बसवण्याची ताकद सरपंचात नाही. आज ती सदस्यातही पुरेशी नाही, हे मी कबूल करतो. पण म्हणून खुर्ची काढून टाकायची की तिचा हात लांब करायचा?

आपल्या भागाचा इतिहास याबाबतीत बोलका आहे. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. त्यानंतर १८८३ मध्ये मध्य प्रांतात स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. तेव्हाही हाच युक्तिवाद होता की कलेक्टरसाहेब काम चांगलं करतात, गावच्या माणसांना काय कळतं. १९१९ च्या कायद्यानं शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती भारतीय मंत्र्यांकडे 'सोपीव' म्हणून दिली आणि तिजोरी 'राखीव' ठेवली. जबाबदारी एकाकडे, पैसा दुसऱ्याकडे. नागपूरला भरणाऱ्या मध्य प्रांताच्या कायदेमंडळात स्वराज्य पक्षाचं बहुमत होतं. त्यांनी १९२४ मध्ये मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला. त्या दोन रुपयांत एक स्पष्ट विधान होतं: ज्याला खात्याला जाब विचारता येत नाही, त्या पदाची किंमत एवढीच. आज आपल्या जिल्हा परिषद सदस्याची अवस्था त्या मंत्र्यांहून फार वेगळी आहे का? पंचायतींचे विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत २९ लिहिलेले, आणि त्यांतली किती खाती, किती माणसं, किती पैसा प्रत्यक्षात त्याच्यासमोर उभा राहतो?

याच काळातलं दुसरं उदाहरण मला जास्त उमेद देतं. पंजाबराव देशमुख १९२८ मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. परकी सत्ता, अपुरा पैसा, अपुरे अधिकार. त्या खुर्चीवरून त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. विहिरी आधीपासूनच होत्या. सोय कागदावर सगळ्यांची, प्रत्यक्षात काहींचीच. निवडून आलेल्या माणसानं हे अंतर मिटवायला लावलं. त्यांनी किती नव्या विहिरी खोदल्या यावर कुणी त्यांना मोजत नाही.

आणि पुसदचे वसंतराव नाईक. १९४८ च्या जनपद कायद्यानं मध्य प्रांत-वऱ्हाडात तहसीलवार जनपद सभा आल्या होत्या. महाराष्ट्र झाल्यावर नाईक समितीनं १९६१ मध्ये अहवाल दिला आणि त्यावर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. त्या समितीची एक शिफारस आज विसरली गेली आहे. कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवायचं. त्याच्या छायेत सदस्य बोलणार नाहीत म्हणून. मुख्य कार्यकारी अधिकारी वेगळा, सभागृहाला बांधलेला. साठ वर्षांनी आपण त्याच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला सभागृहाच्या जागी बसवलं, आणि ते वर्षानुवर्षं चालू राहिलं. नाईकांच्या विदर्भात याबद्दल एक मोठा मोर्चा निघायला हवा होता.

काही मित्र म्हणतात, जिल्हा परिषद सोडा, ग्रामसभा मजबूत करा. त्यांचं उदाहरण ठरलेलं असतं, गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' हे उदाहरण मलाही फार जवळचं आहे आणि ग्रामसभेला पर्याय नाही हे मान्य आहे. पण मेंढ्याची गोष्ट पूर्ण सांगावी. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. तरी वनखातं वाहतूक परवाना देईना. गावानं एकमतानं ठराव केलेला, कायदा बाजूला, तरी बांबूची गाडी हलेना. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसं, तीसेक वर्षांची तयारी आणि केंद्रीय मंत्री. एवढं जमल्यावर एका खात्यानं एक पुस्तक दिलं. बाकी हजारो गावांकडे मंत्री कधी जाणार? त्यांच्यासाठी तालुक्याला आणि जिल्ह्याला रोजचा विचारणारा लागतो. ग्रामसभा प्रश्न जन्माला घालते. खात्याच्या टेबलापर्यंत तो कुणीतरी न्यावा लागतो.

मेंढ्याकडून सदस्यांनी घ्यायचं ते मात्र वेगळंच आहे, ते म्हणजे अभ्यासगट. तिथं निर्णयाआधी कायदा वाचतात, जाणकाराला बोलावतात, शंका काढतात. आपल्या सभांमध्ये याचाच दुष्काळ आहे. खातेप्रमुख 'निधी उपलब्ध होताच करू' म्हणतो आणि सदस्य खाली बसतो. कारण त्यानं अंदाजपत्रक उघडून पाहिलेलं नसतं. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामपंचायतीला मागासवर्गीयांसाठी हेच प्रमाण १५ टक्के आहे. हा निधी 'उपलब्ध होण्याची' वाट पाहायची नसते, तो बाजूला काढलेला असायलाच हवा. किती सदस्यांनी गेल्या पाच वर्षांचा दिव्यांगांचा पाच टक्क्यांचा हिशोब गावनिहाय मागितला? ज्या दिवशी एक सदस्य हा कागद हातात धरून उभा राहतो त्या दिवशी अधिकाऱ्याचा आवाज बदलतो. मी तो बदलताना ऐकला आहे. आरडाओरडीला, माईक ओढण्याला अधिकारी घाबरत नाहीत, त्याची त्यांना सवय आहे. त्यांना भीती असते ती लेखी प्रश्नाची, जो पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे.

त्यासाठी सरकारकडून मागायच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. तालुक्याची वार्षिक आमसभा, जिथं आमदार अध्यक्ष असतात आणि महसूलपासून महावितरणपर्यंत सगळी खाती समोर बसू शकतात, ती दरवर्षी झालीच पाहिजे. जिथं ती वर्षानुवर्षं होत नाही तिथल्या आमदारांना निवडणुकीत हाच पहिला प्रश्न विचारायला हवा. इतिवृत्त आणि अनुपालन अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत, म्हणजे मेंबरनं काय विचारलं आणि साहेबांनी काय उत्तर दिलं हे गावाला कळेल. बाई सदस्याच्या जागी तिचा नवरा बोलायला उठला तर अधिकाऱ्यानं उत्तरच देऊ नये. त्या कोलाम पोडांच्या बाई निवडून आल्यावर पहिल्या दोन सभांत गप्प होत्या. त्यापुढच्या सभेच्या वेळी त्यांचे यजमान आजारी होते, म्हणून त्या एकट्या आल्या आणि पहिल्यांदा बोलल्या. काट्याचा प्रश्न त्याच दिवशीचा.

आता नव्या सभागृहाचं. जिथं जिथं सदस्य निवडून येऊन पुन्हा बसतील, तिथं पहिल्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय नेहमीचाच असेल: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' सहसा हा विषय अर्ध्या मिनिटात, 'कायम, कायम' म्हणत उरकतात. या वेळी तो उरकू देऊ नये. कारण मागची सभा कोणती, हाच प्रश्न आहे. सदस्यांची शेवटची सभा बहुतेक ठिकाणी २०२२ च्या सुरुवातीची. तिच्यात विचारलेल्या प्रश्नांचं अनुपालन कुणाला सादर झालं? त्यानंतर प्रशासकांनी सभागृहाच्या नावानं केलेले सगळे ठराव कुठे आहेत, त्यांतले समाजकल्याणाचे किती, महिला व बालकल्याणाचे किती, आणि ते करताना समोर कोण बसलं होतं? प्रत्येक सदस्यानं ते ठराव बुक मागावं, घरी न्यायला प्रत मागावी, वाचायला पंधरा दिवस मागावेत. तोवर इतिवृत्त कायम करू नये, सभा तहकूब झाली तरी चालेल.